तांबड्या पेन्सिलीची वही

“दुखतंय त्याला इचारा, बघतंय त्याला न्हाय.”

गंगव्वाच्या तोंडी हे बोल दिवसातून चारदा तरी यायचे. लंगडा बैल औताला जुंपणाऱ्या गड्याला ती हेच म्हणायची. पोराच्या कानाखाली काढून ‘काय लागलं न्हाय त्याला’ म्हणणाऱ्या मास्तरालाही हेच, आणि बेळगावच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही हेच. आवाज चढवायची नाही. पानाला चुना लावावा तसं हळू, बोटाच्या टोकानं लावायची. ज्याला झोंबायचं त्याला झोंबायचं.

निपाणीहून सदलग्याकडं जाणाऱ्या वाटेवर, तंबाखूच्या आणि उसाच्या रानांत तिचं गाव. गावाच्या उगवतीला निळी कमान, कमानीच्या आत बौद्धांची वस्ती, आणि वस्तीत तिसरं घर तिचं. बावन्न वर्षांची बाई. हाडापेरानं थोराड, उजव्या भुवईवर जुना व्रण. तो व्रण कशाचा, असं कुणी विचारलं तर ती उलटं विचारायची, “कंचा? वरचा का आतला?” आणि स्वतःच हसायची. त्या हसण्याला माणसं जरा भ्यायची.

भ्यायला कारण होतं. नवव्या वर्षी तिच्या मांडीवर सूप आलं. तेंदूचं पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मांडी घालून दहा-दहा तास. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं तेव्हाची गोष्ट. कारखान्यात बिड्या तपासणारा एक माणूस होता. बायकांच्या बिड्या ‘छाट’, म्हणजे नापास, म्हणून मोडून टाकायचा आणि मोडता मोडता हात भलतीकडं न्यायचा. ज्या दिवशी तो हात गंगव्वाच्या मांडीवर आला, त्या दिवशी तिनं पानं कातरायची कात्री त्याच्या तळहातातून आरपार घातली. सुपातली तंबाखू ओली लाल झाली. तो डुकरासारखा ओरडत होता, आणि भोवतीच्या चाळीस बायका खाली मान घालून बिड्या वळत होत्या. पुढं पोलीस आले तर चाळीसांपैकी एकीनंही काही पाहिलं नव्हतं.

नवरा मिळाला आण्णाप्पा. तंबाखूच्या वखारीत हमाल. शुद्धीवर असला की गोड गायचा, प्याला की लाथ मारायचा, आणि लाथ नेमकी ओटीपोटात. पहिलं पोर चौथ्या महिन्यात त्या लाथेनं गेलं. वखारीच्या मागच्या चिखलात बसून तिनं ते एकटीनं ओंजळीत घेतलं, मातीत ठेवलं, आणि उठून संध्याकाळचं पीठ मळलं. दुसरा, यशपाल, जगला. तो सहा वर्षांचा असताना एका दुपारी आण्णाप्पानं पुन्हा पाय उचलला. गंगव्वा मिरच्या कुटत होती. तिनं लोखंडी बत्ता त्याच्या नडगीवर घातला. एकदा नाही, तीनदा. हाड मोडल्याचा आवाज भिंतीपलीकडच्या जयाबाईनं ऐकला, आणि गंगव्वा आज दुपारचीच लाकडं फोडायला बसली की काय, असं तिला वाटलं.

आण्णाप्पा त्यानंतर नऊ वर्षं जगला. लंगडत जगला. पण तो पाय परत उठला नाही. तिनं त्याला भाकरी वाढली, शेवटी काविळीत पिवळा पडला तेव्हा अंग पुसलं, गेला तेव्हा मनापासून रडली. कुणी नवल केलं तर म्हणायची, “मानूस वाईट न्हवता. पाय वाईट हुता.”

लाथ थांबली. पण ज्या जागी ती पडायची, त्या जागेनं काही लाथ खायचं थांबवलं नाही.

बसली की ओटीपोटाच्या तळाशी कुणीतरी तापली सळई फिरवायचं. लघवीला गेलं की मिरची लागल्यासारखी आग. परसाकडं बसलं की डोळ्यांपुढं काजवे. कधी कधी चालता चालता वाटेतच असा पीळ पडायचा, की बांधाचा दगड घट्ट धरून ती दात आवळायची. तसं करताना एकदा तिची दाढ फुटली होती. अठ्ठाविसाव्या वर्षी एका डॉक्टरनं गर्भाची पिशवी काढली. ‘बाई, मूळच उपटलं, आता काय दुखणार?’ म्हणाला. दुखतच राहिलं. दुसऱ्यानं अपेंडिक्स काढलं. तिसऱ्यानं मुतखड्याचं पाणी पाजलं. चौथ्यानं तिच्यादेखत यशपालला इंग्रजीत सांगितलं, की हे सगळं आईच्या डोक्यात आहे. यशपाल तेव्हा कॉलेजात होता. बाहेर आल्यावर तिनं त्याच्याकडून त्याचा अर्थ काढून घेतला, पुन्हा आत गेली आणि डॉक्टरच्या टेबलावरचा काचेचा वजनदार गोळा उचलून भिंतीवर फेकला. मग दवाखान्याच्या माणसांनी तिला दंडाला धरून पायऱ्यांवरून ढकललं. भुवईवरचा व्रण तिथला.

बावीस वर्षं ती या दारातून त्या दारात गेली. प्रत्येक दाराआड एकच डॉक्टर, आणि त्याला बाईचा एकच तुकडा माहीत. बाई मात्र अख्खी दुखत होती.

यशपाल बेळगावात बँकेत लागला. कोरोनाची साथ ओसरली त्याच्या पुढच्या वर्षी तो एक बातमी घेऊन आला. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात बायकांच्या ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याचा अभ्यास सुरू झाला होता. पाच जण होते. बायकांच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई, लघवीच्या आजाराचे, आतड्याचे, मनाचे, आणि फिजिओथेरपीवाली पारमिता. पाचही जण दर गुरुवारी एका टेबलाभोवती बसायचे आणि बाईला मध्ये बसवायचे. गंगव्वा गेली ती भांडायच्या तयारीनं. पदर खोचूनच गेली.

पारमिता निपाणीचीच निघाली. तिची आजीही बिड्या वळायची. तिनं गंगव्वाला आडवं निजवलं, विचारून, सांगून हात लावला, आणि मांडीच्या आतल्या बाजूला, हाडाच्या कडेला, एका जागी बोट दाबलं. गंगव्वानं तिच्या मनगटाला असा चिमटा काढला की रक्त आलं. पारमितानं बोट काढलं नाही. “हितंच नव्हं, आक्का?” एवढंच म्हणाली. बावीस वर्षांत कुणी पहिल्यांदा त्या जागेचं नाव विचारलं होतं. गंगव्वा रडली नाही. तिनं नुसतं “व्हय” म्हटलं, आणि मग पुन्हा एकदा “व्हय.”

पाच जणांनी मिळून जे सांगितलं ते तिनं पुढं शेकडो बायकांना आपल्या बोलीत सांगितलं. पोटाच्या तळाला स्नायूंची झोळी असते. मांडीवर सूप घेऊन वर्षानुवर्षं बसलं, वरून लाथा खाल्ल्या, तर ती झोळी मूठ आवळल्यासारखी आवळते. मारणारा मरून जातो तरी मूठ सुटत नाही. तिला वाटतं, अजून लाथ यायची आहे. ती मूठ हळूहळू सोडवायची. थोडी गोळीनं, थोडी श्वासानं, थोडी बोटांनी, थोडी बोलून. आणि सोडवताना सगळ्यांनी एकमेकांना विचारत सोडवायची. वर्षभरात गंगव्वाचं दुखणं दहातल्या नवावरून चारावर आलं. चार राहिलंच. पण चार म्हणजे तिच्या लेखी सण होता.

मग ती तिथंच रुजली. अभ्यासवाल्यांना गावागावांतून बायकांची माहिती हवी होती आणि बायका तोंड उघडत नव्हत्या. शून्य ते दहात दुखणं किती, विचारलं की सगळ्या म्हणायच्या, “लई.” गंगव्वानं टेबलाशी बसून डॉक्टरांना झापलं. अंकाआधी असं विचारा, म्हणाली: मांडी घालून बसवतं का? भरली घागर उचलवते का? नवरा जवळ आला की अंग आकसतं का? डॉक्टरांनी प्रश्न बदलले. गळ्यात ओळखपत्र आलं, खांद्याला पिशवी आली. दोन्ही मिरवत ती बेळगावजवळच्या मच्छ्यापासून सदलग्यापर्यंत हिंडली. आपल्या वस्तीतून दवाखान्याच्या टेबलाशी बसणारी पहिली बाई मी, हे ती कुणाला बोलून दाखवत नसे. पण चालण्यात ते दिसायचं.

वहीची कल्पनाही तिचीच. ती जागा तोंडानं सांगायला बायका लाजतात, मग चित्र द्या, त्या खुणा करतील. तशी तीस पानांची वही छापली. प्रत्येक पानावर बाईचा नुसता आकार, पुढून एक, मागून एक. चेहरा नाही, केस नाहीत, कपडे नाहीत. जिथं दुखतंय तिथं तांबड्या पेन्सिलीनं रंगवायचं आणि खाली त्या दिवसाचा अंक घालायचा. महिना भरत आला की वही गुरुवारच्या टेबलावर.

इथंच गंगव्वा चुकली. तिच्या आज्यानं धम्म घेतला त्या दिवशी घरातले टाक, ताईत, लिंबू-मिरच्या सगळं नदीत सोडलं होतं. करणी, भानामती हे शब्द त्या घरात फक्त थट्टेला उरले होते. म्हणून नागड्या बाईच्या आकृत्यांची तीस पानं, बेंबीखाली तांबडी, हे कुणाच्या ट्रंकेत सापडलं तर त्या घराला काय दिसेल, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

ती ट्रंक ऋतिकाची.

ऋतिका चोवीस वर्षांची. माहेर जांबोटीचं, दूर डोंगरात. बसनं आणि पायी, जायला एक दिवस लागावा असं. गावातल्या भावकूच्या घरात दिलेली. नवरा नागेंद्र मच्छ्याच्या कारखान्यात. आठवड्याची सुट्टी मिळाली की घरी. चार वर्षं तिच्या ओटीपोटात आग होती. नवरा जवळ आला की ती उशीचा अभ्रा तोंडात कोंबायची. दोनदा गर्भ राहिला आणि गेला.

भावकू सत्तरीचा, हाताला गुण असलेला म्हणून पंचक्रोशीत नावाजलेला. लंगड्या जनावराला डाग द्यायचा तो, फुगलेल्या पोराच्या पोटावर चटका द्यायचा तो. विळा चुलीत लाल करायचा, मंत्र पुटपुटायचा, टेकवायचा. मनात पाप नव्हतं त्याच्या. डाग देताना त्याचे स्वतःचे डोळे भरायचे. सुनेला त्यानं दोन डाग दिले होते. बेंबीच्या खाली दोन्हीकडं, आंब्याच्या पानाएवढे, चकचकीत. गंगव्वानं ते पाहिले तेव्हा ऋतिका म्हणाली, की तिसरा अवसेला आहे, आणि तिसऱ्यानं गुण आला नाही तर निपाणीला नेऊन पिशवीच काढून टाकायची, असं घरात ठरलंय.

अवस बुधवारी होती. वही गुरुवारच्या टेबलावर मांडायची होती. मध्ये एक संध्याकाळ.

त्या बुधवारी दिवस कलायच्या आत गंगव्वा तिच्या दारात गेली. पारमितानं बजावलं होतं, तापल्या घरात एकटीनं जाऊ नका, मला फोन करा. गंगव्वानं फोन केला नाही. वही आणि ऋतिका दोघींना जयाबाईकडं झोपवायचं आणि पहाटेच्या बसनं बेळगाव गाठायचं, एवढाच तिचा बेत होता.

अंगणात माणसं होती. गोठ्याच्या तोंडाशी तीन दगडांची चूल धगधगत होती आणि तिच्यात विळा. ऋतिका खांबाला टेकून मातीत बसली होती. खालचा ओठ फाटलेला, पुढचा एक दात पदरावर पडलेला. दाव्याचे वळ दंडावर उठले होते. नागेंद्रच्या हातात दावं अजून होतं. आणि सासू मनुबाई, हातात वही धरून, पान-पान उलटून शेजाऱ्यांना दाखवत होती. तिचा गुडघा महिनाभर धरला होता. म्हशीनं याच महिन्यात गाभ टाकला होता. सव्वीस बाया रंगवून झाल्या होत्या, चार कोऱ्या उरल्या होत्या. चार दिवसांत या घरातल्या कुणाचा तरी जीव जाणार, हे तिला बोटावर मोजून कळलं होतं. ती भ्याली होती. खोटी भीती नव्हती ती.

“कुणी दिली ही?” ती सुनेला विचारत होती. तासभर तेच विचारत होती. ऋतिका बोलत नव्हती. दावं पडत होतं तरी नाही.

गंगव्वा फाटकातून आत आली आणि म्हणाली, “म्या दिली.”

अंगण एकदम फुटलं. मनुबाईनं तिचे केस धरले. कुणीतरी ओळखपत्राची दोरी मागून ओढली, ती गळ्यात रुतली आणि तुटली. नागेंद्रनं दावं फिरवलं. पहिला तडाखा खांद्यावर, दुसरा तोंडावर, तिसरा मांड्यांवर. ती खाली पडली तेव्हा कुणाचा तरी पाय ओटीपोटात बसला, नेमका त्या जागी. बावीस वर्षांची ती मूठ एका क्षणात पुन्हा आवळली. गंगव्वाच्या तोंडून माणसाचा नसावा असा आवाज आला. वस्तीवरची बाई आमच्या घरात येऊन करणी करते, तिला इथंच पुरा, असं कुणी म्हणालं. वही दवाखान्याची आहे, हे ती सांगत होती. पण तोंडात रक्त होतं आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

भावकूनं हात वर केला. “मारू नगासा तिला,” म्हणाला. “आधी पोरीचं उतरवू या. तिचं मागनं बघू.”

दोघी शेजारणींनी ऋतिकाचे हात धरले, तिसरीनं पाय. निऱ्या खाली सरकवल्या. दोन जुन्या डागांच्या मध्ये कोरी जागा होती. भावकूनं चुलीतून विळा काढला. त्याच्या टोकाला हवा थरथरत होती. ऋतिका ओरडली नाही. तिनं मान एका बाजूला टाकली आणि गोठ्यातल्या म्हशीकडं बघत राहिली. ते गंगव्वाला दिसलं, आणि तिच्या अंगातली सगळी दुखणी एका जागी येऊन उभी राहिली.

ती चार पायांवर रांगत पुढं झाली, उठली, आणि तिनं विळा धरला. पात्याला धरला. डाव्या हातानं. चर्रर्र आवाज झाला. भाजल्या मांसाचा वास सुटला तसे अंगणातले दोघे मागं सरले. म्हातारा इतका दचकला की विळ्याची मूठ त्याच्या हातून सुटली. गंगव्वानं ती उजव्या हातात घेतली, वळली, आणि लाल पातं नागेंद्रच्या उघड्या कोपराखाली आडवं टेकवलं.

“किती?” ती म्हणाली. “शून्यापासनं धापत्तर. सांग, किती?”

नागेंद्र किंचाळला. दावं गळून पडलं. “धा,” तो म्हणाला. “आई गं, धा, धा.”

तिनं पातं उचललं. तिचा आवाज आता अगदी हळू झाला होता, पण अंगणात दुसरा आवाजच नव्हता.

“वाचाय येतं न्हवं तुला? वही उघड. तुझ्या बायकूनं रोज आठ लिवल्यात. आत्ता तुला झालं त्याच्यापेक्षा दोन कमी. तुला मोजून दोन शब्द बोलूस्तवर झालं. तिला सव्वीस दीस.”

गंगव्वा विळा घेऊन म्हाताऱ्याकडं वळली, तशी शेजारीण म्हणाली, आता याला मारणार ही. पण तिनं विळा जनावरांच्या पाण्याच्या डोणीत टाकला. फुसकन वाफ निघाली. मग तिनं भावकूच्या उघड्या पोटाकडं बोट केलं. वर सरकलेल्या बंडीखाली, बरगडीच्या खालच्या अंगाला, एक जुना डाग होता, साठ वर्षांचा, सुरकुत्यांत मुरलेला.

“आप्पा, तुमास्नी कुणी दिलता?”

“आईनं.”

“कशापायी?”

“पोटात कळ याची.”

“ऱ्हायली का कळ?”

इतक्या माणसांना भावकूनं डाग दिले, पण हा प्रश्न त्याला कुणी घातला नव्हता. त्यानंही कुणाला घातला नव्हता. डाग दिला की माणसं निघून जायची, परत यायची नाहीत. गुण आला म्हणूनच येत नाहीत, असं त्यानं धरलं होतं.

“न्हाय,” तो म्हणाला. “अजून येती.”

मग तो तिथंच मातीत बसला. आणि शेजारणींनी ऋतिकाचे हात सोडले. कुणी सोडा म्हणालं नाही. त्यांनीच सोडले. मनुबाईनं सुनेच्या निऱ्या वर ओढल्या. तो दात पदरात बांधला. का बांधला कुणास ठाऊक. वही मिटून तिनं गंगव्वाच्या पिशवीत ठेवली, ती मात्र दोन बोटांत, टोकाला धरून. भीती एवढ्यात कशी जाणार?

दूध घेऊन निपाणीला निघालेल्या टेम्पोत ऋतिकाला बसवलं. गंगव्वाचा हात ओल्या फडक्यात. जयाबाई सोबत. नागेंद्र आपणहून मागं चढला, कोपराशी हात धरून. कुणी त्याला या म्हणालं नव्हतं आणि कुणी उतर म्हणालं नाही. निपाणीत दोघांचे हात एकाच नर्सनं, एकाच ट्रेमधून बांधले. रात्र दवाखान्याच्या बाकांवर काढून सकाळच्या बसनं सगळी बेळगावला गेली.

गुरुवारी टेबलाभोवती पाच जण बसले आणि मध्ये ऋतिका बसली. सव्वीस पानं एकेक करून फिरली. ती रक्तानं चिकटली होती. पारमितानं ती सुटी केली. बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की पिशवी काढायचं काही कारण आज दिसत नाही, आधी आत दुर्बिणीनं बघू. लघवीचे डॉक्टर म्हणाले, ही आग लघवीच्या वाटेची आहे, माझ्याकडं द्या. मनाच्या डॉक्टरांनी नागेंद्रला बाहेर बसवून तिला एकटीला विचारलं, घरी परत जायचं आहे का. ऋतिका म्हणाली, आत्ता न्हाय. तिची यशपालच्या घरी राहण्याची सोय झाली. पुढचे उपचार लांबचे होते, कदाचित वर्षाचे. पण ती टेबलापर्यंत पोचली होती, आणि तिसरा डाग तिच्या अंगावर नव्हता.

दुपारी पाचही जण पुन्हा बसले, या खेपेला गंगव्वासाठी.

बोललं कमी गेलं. अभ्यासाच्या नावानं घराघरांत जाणाऱ्या माणसानं कुणाला भाजलं, तर उद्या बायका दार उघडणार नाहीत, आणि अभ्यासावर नजर ठेवणारी वरची समिती सगळं कामच बंद पाडेल. नागेंद्रनं तक्रार दिली नव्हती. दिली असती तर बायकोच्या अंगावरचे दोन डागही कागदावर आले असते. पण तक्रार नसली तरी घडलं ते घडलं होतं. डॉक्टरीणबाई सांगत होत्या आणि चष्मा पुन्हा पुन्हा काढून पुसत होत्या. गंगव्वाचं स्वतःचं दुखणं दाखवायला तिनं गुरुवारी यायचं, त्यात खंड नाही. काम मात्र थांबवायचं. वहीवरचं चित्रही बदलायचं ठरलं. आता त्या बाईला साडी नेसवणार होते.

पारमिता भांडली. आक्कानं तो हात धरला नसता तर आज टेबलावर काय आलं असतं, असं विचारत राहिली. गंगव्वानंच तिला गप्प केलं.

“त्यांचं खरं हाय, पोरी. त्याला म्या जाळलं. मला बरं वाटलं जाळताना, ते वंगाळ.” खांद्यावरची पिशवी उतरवत म्हणाली, “आणि फोन न्हाय केला तुला, ते आनखीन वंगाळ.”

तिनं पिशवी टेबलावर ठेवली. आत चार कोऱ्या वह्या होत्या, पेन्सिली होत्या, आणि दोरी तुटलेलं ओळखपत्र. ओळखपत्र तिनं एकदा पालथं केलं, फोटोवरचा वाळला डाग नखानं खरवडून काढला, आणि तेही ठेवलं. इतक्यात आतून ऋतिकाला तपासणीला बोलावलं. पारमिता तिच्याबरोबर जायला उठली. दारातून तिनं मागं पाहिलं तेव्हा गंगव्वाची खुर्ची रिकामी होती.

बाहेर पायऱ्यांच्या शेजारी, सिमेंटच्या बाकावर नागेंद्र बसला होता, बांधलेला हात मांडीवर ठेवून. ती समोरून गेली. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, आणि पाहायचं टाळलंही नाही. डावा हात छातीशी धरला होता, पदर उजव्या खांद्यावरून घट्ट आवळला होता. रिक्षावाल्यांनी हाका मारल्या. तिनं मान हलवली आणि चालत राहिली. फाटक, मग औषधांची दुकानं, मग उसाच्या रसाचा गाडा, मग बसस्टँडकडं वळणारा रस्ता. नागेंद्र बाकावरून उठला. बोलावं असं काहीतरी त्याच्या तोंडाशी आलं होतं, पण हाक मारायला तिला काय म्हणावं, हेच त्याला ठरवता येईना. ती गर्दीत दिसेनाशी झाली तरी तो तसाच उभा होता, आतून कुणीतरी त्याच्या बायकोचं नाव पुकारेपर्यंत.